कमानीखालचा ड्रोन
आज कोकणातील एका जुन्या दगडी कमानपुलाची ड्रोनद्वारे होणारी तपासणी पाहण्यासाठी दिवसभर नदीकाठी होतो. पूर्वी याच कामासाठी वाहतूक अडवून परांची बांधावी लागे किंवा दोराने माणूस खाली सोडावा लागे. आज मी काठावर बसून पडद्यावर दगडांचा एकेक सांधा हाताच्या अंतरावर असल्यासारखा पाहिला. तिसऱ्या कमानीच्या माथ्यालगत पिंपळाचे बोटाएवढे मूळ सांध्यात शिरले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा चुना पिठासारखा सुटला होता. (रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे फक्त हिरवी पालवी दिसते, आणि ती छानच दिसते.)

कमानीखाली जीपीएसचा संकेत क्षीण होत असल्याने चालकाला ड्रोन हातानेच सांभाळावा लागत होता. वाऱ्याच्या एका झोताने तो दगडावर आदळता आदळता वाचला.

महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हापासून अशा पुलांकडे पाहताना माझी नजर आधी पाण्याकडे जाते. खांबांच्या पायाभोवतीची माती प्रवाहाने खरवडली जाते ती पाण्याखाली, जिथे ड्रोनचा कॅमेरा पोहोचत नाही आणि गढूळ पाण्यात सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे चित्र टिपणारे यंत्र) बसवलेला रोबो उपयोगी पडतो. आज तो आणलेला नव्हता, हे मला खटकले.

सायंकाळी एका वयस्कर मिस्त्रींनी ड्रोनने निर्दोष ठरवलेल्या एका दगडावर हातोडी वाजवली. आवाज पोकळ आला. त्या दगडावर आता खडूची फुली आहे.