प्युअर डेटातलं संतूर: तार गंधार अखेर लागला

प्युअर डेटा या, चौकोन वायरींनी जोडून आवाज घडवण्याच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये मी संतूर बनवतोय. मागच्या नोंदीत त्याची एक तार वाजली होती. या आठवड्यात पुढच्या तारा लावल्या. सा काळी एक, म्हणजे २७७.१८ हर्ट्झ. तार रिषभापर्यंत स्वर वेगवेगळे येत होते. पुढे गंधार, मध्यम, पंचम तिन्ही एकाच जागी, ६८४ हर्ट्झच्या आसपास! दोन संध्याकाळी माझे आकडेच तपासत बसलो. आकडे बरोबर होते.

तार कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीची आहे: गोंगाटाचा छोटा झटका डिले लाइनमध्ये (आवाज थोडा वेळ धरून मग बाहेर देणाऱ्या साठ्यात) सोडायचा, बाहेर येईल तो फिल्टरमधून मऊ करून परत आत. फेरी जितकी छोटी, तितका स्वर वर.

पॅच, म्हणजे चौकोन-वायरींची जोडणी, बघताना वाटतं की जाड वायरीतून आवाज सलग वाहतोय. तसं नसतं. डीएसपी, म्हणजे आवाजाची आकडेमोड, सुरू केलं की प्युअर डेटा सगळ्या टिल्डवाल्या ऑब्जेक्टना (नावात ~ असलेल्या, आवाज हाताळणाऱ्या चौकोनांना) एका रांगेत लावतो आणि प्रत्येकाकडून ६४ सॅम्पलचा (आवाजाच्या सुट्या मापांचा) गठ्ठा एकदम करून घेतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या दराने हा गठ्ठा १.४५ मिलिसेकंदांचा. संगणकावरचा भार त्यामुळेच हलका राहतो. प्युअर डेटाचे कर्ते मिलर पकेट यांची ही रचना मला फार आवडते. पण जाड वायर फिरवून थेट मागे जोडली, तर आधी कोण हेच ठरत नाही आणि लूपची एरर येते. डिले लाइनमध्ये लिहिणारा डिलेराइट~ आणि तिच्यातून वाचणारा डिलेरीड~ यांच्यामधून फिरवलं तर चालतं, मात्र आत्ता लिहिलेलं पुढच्या गठ्ठ्यातच वाचायला मिळतं. म्हणजे फेरी ६४ सॅम्पलपेक्षा छोटी होतच नाही. ४४,१०० भागिले ६४, ६८९ हर्ट्झ. माझा फिल्टर आणखी अर्धा सॅम्पल खातो, म्हणून ६८४.

फेरी सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या छोट्या पॅचमध्ये) टाकून आत ब्लॉक~ १ ठेवला, म्हणजे तिथे गठ्ठा एकाच सॅम्पलचा. मध्यम-पंचम लगेच वर चढले, तरी किंचित उतरलेलेच. गंधार तर जागचा हललाच नाही! त्याला हवेत ६३.६४ सॅम्पल, आणि डिलेरीड~ पूर्ण सॅम्पलच मोजतो, त्यामुळे पुन्हा ६४. मग डिलेरीड४~ घेतला, तो सॅम्पलच्या मधलंही वाचतो. फिल्टरचा अर्धा वजा करून ६३.१४ दिले.

ब्लॉक~ १ संगणकाला जड जातो, म्हणून आत फक्त फेरी ठेवली आहे. गोंगाटाचा झटका आणि रिव्हर्ब बाहेर, ६४ वरच.

काल रात्री तानपुरा लावून तार छेडली. षड्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारात माझा गंधार असा मिसळला, की विरेपर्यंत एकही आंदोलन (दोन स्वर नीट जुळले नाहीत की येणारी थरथर) ऐकू आलं नाही.