“सर, जवळचा पत्ता सांगा”

नंतर विसरेन, म्हणून आधीच सांगतो. गाडी बर्फात बसली की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि खाली उतरून बघा. मी उतरलो नाही. चार वेळा दणकून रेस केली आणि गाडी पार पोटावर बसवली. मग फोन लावला. खरा मनस्ताप तिथून पुढे.

आम्ही सिएटलजवळ राहतो. एप्रिलचा शेवटचा शनिवार होता. बायकोचा धाकटा भाऊ सांगलीहून आला होता आणि त्याला बर्फ बघायचा होता. माझ्याकडे टोयोटाची जुनी फोररनर आहे, फोर बाय फोर. ती घेतल्यापासून मी जरा शेफारलोच होतो, हे कबूल करतो. आय-90 नं स्नोक्वाल्मी पास ओलांडला, क्ली एलम सोडलं आणि 97 नंबरच्या हायवेनं ब्लूएट पासकडे निघालो. कॅस्केड पर्वताची ही पूर्वेची, कोरडी बाजू. पाँडेरोसा पाइनची उंच झाडं आणि खाली पिवळी रानफुलं.

या हायवेला एक जुना भाऊ आहे. 1950च्या दशकात नवा रस्ता होईपर्यंत सगळी वाहतूक याच जुन्या घाटानं चालायची. आता तो फॉरेस्ट रोड 7320. अरुंद रस्ता, फुटलेलं डांबर, वळणावर वळण आणि कठड्याचा पत्ता नाही. हिवाळ्यात तिथला बर्फ कुणी काढत नाही, आपोआप वितळेल तेव्हा रस्ता मोकळा. आपल्या आंबेनळीच्या घाटात गाडी चालवलेल्या माणसाला तो लगेच आवडेल असा.

जंगल खात्याचा नकाशा फुकट मिळतो, त्यावर हा रस्ता उघडा होता. नकाशावर ‘उघडा’ म्हणजे कायद्यानं उघडा. गाडी जाईल की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

माथ्यापर्यंत रस्ता कोरडा होता. माथा ओलांडला की उत्तरेचा उतार लागतो, आणि पहिल्याच सावलीच्या वळणावर बर्फ आडवा. त्यावर टायरच्या दोन स्वच्छ खुणा. म्हटलं, कुणीतरी गेलंय, आपणही जाऊ. ते गेले असणार पहाटे, बर्फ दगडासारखा गोठलेला असताना. आम्ही पोचलो पावणेबाराला. तोवर त्याचा ओल्या साखरेसारखा भुगा झाला होता. वरचा पापुद्रा तेवढा धरलेला. पंधरा-वीस फूट गेलो आणि गाडी खचकन खाली बसली.

“दाजी, रेस मारू नका, चाक जाग्यावरच फिरतंय!” मेव्हणा ओरडत होता. गाळपाच्या हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या चिखलातून काढणारा माणूस तो. मी म्हटलं, हा चिखल नाही. आणि खिशात माझं मदत-सेवेचं कार्ड होतं ना. गाडी कुठंही बंद पडो, चोवीस तास मदत, दरवर्षी पैसे भरतो. खरं तर त्या कार्डाच्या जोरावरच मी त्या बर्फात शिरलो होतो.

सिग्नल नव्हता. वीस मिनिटं परत माथ्याकडे चढलो, तेव्हा एक दांडी आली.

“सर, जवळचा पत्ता सांगा.”

“पत्ता नाही, जंगल आहे. फॉरेस्ट रोड 7320.”

“शहर?”

“शहर नाही.”

“सर, शहर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.”

मी फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. फोनवरच्या बाईच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. तिनं मेसेजवर एक लिंक पाठवली, तिच्यावर बोट ठेवलं की जागा आपोआप कळते म्हणे. एका दांडीवर ती लिंक फक्त गोल गोल फिरत राहिली, माझ्या चाकांसारखी. मग विचारलं, काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, कोणती? आता ऐका. माथ्यावरूनच किटिटास आणि शेलॅन काउंटीची हद्द जाते. मी उभा एका काउंटीत, गाडी दुसरीत. प्रामाणिकपणे तसं सांगितलं. तिथंच चुकलं. “होल्ड करा हं,” म्हणाली. अकरा मिनिटं पिपाणी ऐकली आणि फोन कट.

दुसऱ्यांदा वेगळा माणूस. पुन्हा नाव, मेंबर नंबर, गाडीचा रंग, पत्ता. या वेळी मी शहाणा झालो आणि गाडीचीच काउंटी सांगितली. शेवटी त्यानं विचारलं, “सर, या रस्त्याची देखभाल कोण करतं?” मी म्हटलं, सरकारच करत असेल. “नियमित?” मी गप्प. त्या गप्प बसण्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. बाई बोलत होती तसाच हाही अतिशय गोड बोलत होता. भांडायलासुद्धा जागा नाही. त्यानं दीड तासात ट्रक येईल म्हणून सांगितलं.

ट्रक आला, पण काउंटीप्रमाणे उत्तरेकडून. म्हणजे घाटाच्या खालच्या टोकाला, जिथं आमच्यापेक्षाही जास्त बर्फ. ड्रायव्हरनं मला फोन केला असणार, पण मी तेव्हा खाली गाडीजवळ, बिनसिग्नलचा. तीन वाजता पुन्हा चढून गेलो तर व्हॉइसमेल: रस्ता बर्फानं बंद आहे, पुढे येता येत नाही, आणि देखभाल नसलेला रस्ता तुमच्या योजनेत बसत नाही. रात्री घरी अटी काढून वाचल्या. तसं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, मीच वाचलं नव्हतं. राग त्याचा नाही. हे एक वाक्य बारा वाजता सांगितलं असतं तर माझे तीन तास वाचले असते.

मेव्हणा म्हणाला, “911 लावा की.” हा तिकडचा आणीबाणीचा नंबर. नाही लावला. तिकडे डोंगरातल्या शोध-बचावाचं काम काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे पोलीसप्रमुखाकडे असतं आणि ते माणसांसाठी, गाडीसाठी नाही. आम्ही धडधाकट होतो, डबा होता, अंधार पडायला पाच तास होते.

आता काढायचं कसं, ते. चाकांपुढचा बर्फ उकरून काही होत नाही, आम्ही अर्धा तास तेच करत होतो. गाडीचं पोट टेकलेलं असतं, वजन चाकांवर नसतंच. पालथं पडून खालचा बर्फ काढावा लागतो, विशेषतः दोन्ही डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गियरच्या फुगीर गोळ्यांखालचा. माझ्याकडे डिकीतलं एक छोटं फावडं. मेव्हण्यानं जेवणाचं स्टीलचं ताट घेतलं आणि माझ्यापेक्षा जास्त उपसा केला. इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, ते बर्फात बुजलं असेल तर धूर आत येऊन जीव जाऊ शकतो.

मग टायरची हवा 34 पीएसआयवरून 15 वर आणली. टायर पसरट होतो आणि बर्फावर तरंगतो. हे आत शिरण्याआधी करायचं असतं. परतताना हवा भरायला छोटा कंप्रेसर हवा, तो होता. चाकाखाली घालायच्या खास पट्ट्याही आहेत माझ्याकडे, गॅरेजच्या भिंतीवर, व्यवस्थित टांगलेल्या.

“हितं पाचट कुठनं आणायचं?” मेव्हणा म्हणाला. शेतात ट्रॉली रुतली की चाकाखाली पाचट घालतात. त्यानं पाइनच्या पडलेल्या फांद्या ओढून आणल्या आणि चाकांमागे दाबून बसवल्या. त्यावर पायपुसण्या घातल्या. पहिल्या झटक्याला दोन पायपुसण्या विमानासारख्या उडाल्या, म्हणून गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये. फोर लो (चारही चाकांना जोर, पण हळू गियर), रिव्हर्स, स्टिअरिंग सरळ, पाय हलका. एक फूट. परत खणा. दोन फूट.

आणि मागे जायचं म्हणजे चढ. बर्फात उताराच्या बाजूनं कधीच शिरू नका. चढाच्या बाजूनं शिरलात तर परत यायला उतार मदतीला असतो. हे मी आता कुणालाही सांगतो, न विचारता.

सव्वासहाला मागची चाकं डांबराला लागली. मेव्हणा बर्फात आडवा होऊन हसत होता, हात लालभडक.

क्ली एलमला पेट्रोल भरताना सिग्नल आला आणि मेसेज वाजला: तुमची अडचण दूर झाली का? 1 ते 10 मध्ये सांगा. मेव्हणा म्हणाला, “दहा द्या दाजी, दूर तर झालीया.”

मेंबरशिप जूनमध्ये संपते. बायको म्हणते राहू दे, हायवेवर बॅटरी उतरली तर उपयोगी पडते. तेही खरंच आहे.