नरिता सकाळी आठ, रूम दुपारी तीन

आमच्या नाशिकच्या ज्युदो क्लबची पोरं मे महिन्यात टोकियोला कोडोकानला, म्हणजे ज्युदोच्या मुख्य केंद्रात, प्रॅक्टिससाठी जाऊन आली. 11 खेळाडू, 2 कोच आणि मॅनेजर म्हणून मी, म्हणजे पासपोर्ट मोजणारा माणूस. परत आल्यापासून दुसऱ्या क्लबवाल्यांचे फोन येतायत, दरवेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून प्रवास आणि पहिला दिवस एकदाच लिहून टाकतो.

पहाटे चारला नाशिकहून ट्रॅव्हलरने निघालो, कसारा उतरेपर्यंत सगळे झोपलेले. मुंबईहून दुपारी बाराचं विमान, बँकॉकला तिथल्या घड्याळाने संध्याकाळचे सहा, मग थेट रात्री बाराच्या सुमाराला पुढचं विमान आणि सकाळी आठला नरिता, म्हणजे टोकियोचं विमानतळ. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे तिकडे आठ वाजले तरी पोरांच्या अंगात पहाटेचे साडेचारच असतात, त्यात मधली रात्र गेलेली. जेट लॅग वगैरे मोठा शब्द कशाला, सरळ जागरण म्हणा.

सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगतो. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, आणि बेल्ट हँडबॅगेत घ्या. जाडजूड असतो, अर्धी बॅग त्यातच भरते, पोरं कुरकुर करतात, करू देत. चेक-इनची बॅग मागे राहिली तर टीशर्ट कुठेही मिळतो, पण मापाचा ज्युदोगी पहिल्या संध्याकाळी कुठून आणणार? पॉवर बँकही हँडबॅगेतच, खालच्या बॅगेत चालत नाही.

आता आंब्यांची गोष्ट. एका पोराच्या आजीने बॅगेत सहा हापूस घातले होते, टॉवेलात गुंडाळून, कोणाला न सांगता. जपानमध्ये प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थ तर अजिबात नाही. बँकॉकला त्याने हळूच कबूल केलं, मग रात्री दहाला गेटजवळ बसून 14 जणांनी सहा आंबे संपवले, चाकू नाही म्हणून चोखून. 66 किलो वजनगटातल्या आमच्या एका पोराने फक्त कोय मागितली आणि ती दहा मिनिटं सोडली नाही. तर निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा स्वतः उघडून बघा, आज्यांवर विश्वास ठेवू नका. सुक्या चटण्या, मेतकूट, खाकरे, थेपले आमचे आरामात गेले.

औषधांचंही तेच. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) 10 टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्या तिकडे न्यायलाच बंदी आहे, आणि स्पर्धेला जाणार असाल तर डोपिंगचा प्रश्न वेगळाच. आम्ही सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात घेतल्या, नावं वाचून, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

विमानात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. वजनाच्या भीतीने दोघांनी पाणीच सोडलं होतं, उतरल्यावर त्यांचेच पाय सुजले आणि डोकंही दुखायला लागलं. स्पर्धा नाही, वजनकाटा नाही, कशाला ही तपश्चर्या!

नरिताला इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती व्हिजिट जपान वेब या सरकारी वेबसाइटवर घरूनच भरा, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा कारण तिथे नेट चाललं नाही की मॅनेजरकडेच धावतात. तरी आम्हाला बाहेर यायला दहा वाजले. स्टेशनवर सुइका कार्ड घेतलं, म्हणजे पैसे भरून ठेवायचं रेल्वेचं कार्ड. एका कार्डावर दोघं गेटमधून जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं. मग स्कायलायनरने निप्पोरी (ही गाडी ताशी 160 किमीने जाते, पोरांनी अर्धा मिनिट कौतुक केलं आणि झोपली), तिथून यामानोते लाईनने सुगामो, तिथून मिता लाईनने कासुगा. कोडोकान कासुगा स्टेशनला चिकटूनच आहे म्हणून हॉटेल त्याच भागात घेतलं होतं. गाडी बदलताना एक कोच सगळ्यात पुढे, दुसरा सगळ्यात मागे आणि आकडे मोठ्याने नाही, बोटांवर मोजा. डब्यात कोणी फोनवरसुद्धा बोलत नाही आणि आपली पोरं म्हणजे कसारा लोकलच.

आणि इथे आमची खरी चूक झाली. हॉटेलवर साडेअकराला पोचलो, चेक-इन तीनला. आधी पैसे भरून लवकर रूम मिळते का हे विचारलंच नव्हतं. बॅगा त्यांनी ठेवून घेतल्या, पण 14 झोपाळू माणसं साडेतीन तास कुठे ठेवायची? तुम्ही सकाळच्या विमानाने जाणार असाल तर निदान दोन रूम आदल्या रात्रीपासून बुक करा, थोडे पैसे जातील पण आंघोळ तरी होईल.

आम्ही टोकियो डोम स्टेडियमच्या शेजारच्या कोइशिकावा कोराकुएन बागेत गेलो. 1629 साली सुरू झालेली बाग आहे, तिकीट 300 येन, तळं, छोटे पूल, झाडी. इतिहास वाचायचा प्लॅन होता, प्रत्यक्षात सात जण बाकांवर बसल्या बसल्या पेंगले आणि आमच्या कोच सरांनीही डोळे मिटले. मी जागा, पासपोर्टांची पिशवी मांडीवर.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी हॉटेलं शोधत फिरू नका, कोनबिनी म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास दुकान पुरे. ओनिगिरी (आत सारण भरलेला भाताचा गोळा), केळी, उकडलेली अंडी, दही मिळतं. आमच्यात चार जण शाकाहारी. त्यांनी लक्षात ठेवायचं की भाजीच्या सूपमध्येसुद्धा दाशी म्हणजे माशाचा अर्क असू शकतो, आणि ओनिगिरीत उमे म्हणजे आंबट प्लम मागितला तरी पाकिटामागची घटकांची यादी मोबाईलच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करून बघा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा तयार भात मिळतो, त्यावर मेतकूट. रिकामी वेष्टनं ठेवायला पिशवी जवळ बाळगा, रस्त्यावर कचराकुंडी सापडत नाही. आणि घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, तिकडे 100 व्होल्ट, आमच्या किटलीने अर्ध्या तासात कोमट पाणी दिलं. पिन दोन चपट्या लागतात.

तीनला रूम मिळाल्यावर सरांनी फर्मान काढलं, वीस मिनिटं आंघोळ, झोपायचं नाही. त्यावरून मी त्यांच्याशी भांडलो, पण तेच बरोबर होते. संध्याकाळी प्रॅक्टिस ठेवली नाही, फक्त कोडोकान बघायला गेलो. बाहेर जिगोरो कानोंचा पुतळा, 1882 मध्ये ज्यांनी कोडोकान सुरू केलं ते. मुख्य दोजो म्हणजे सरावाचा हॉल सातव्या मजल्यावर, 420 तातामींचा (तातामी म्हणजे जमिनीवरच्या चटया), आणि वरच्या मजल्यावरून फुकट बघता येतं. खाली एक आजोबा, सत्तरीचे तरी असतील, एका दांडग्या पोराला सारखे पायात अडकवून पाडत होते, दरवेळी तस्सेच आणि दरवेळी तो पडायचाच. आमची दिवसभर पेंगणारी पोरं कठड्याला टेकून एकदम गप्प. 66 किलोवाल्याने विचारलं, सर, ज्युदोगी हँडबॅगेतच आहे, आता उतरू का? सर म्हणाले, उद्या.

साडेआठला दिवे बंद केले. पहाटे चारला कोणीतरी थेपले खात होतं.