ऑक्टाव्हिया आरएस आणि नागपूरचा पहिला उन्हाळा

कॉलेजात असताना नागपूरच्या धरमपेठेत एका बंगल्यासमोर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची स्पोर्टी आवृत्ती, उभी असायची. माझा रस्ता तो नव्हता, तरी मी सायकल तिकडून वळवायचो. १.८ लिटरचं टर्बो (जादा हवा दाबून आत ढकलणारं) पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह (झडपा), १५० हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्या शोरूममध्ये असे आकडे असलेल्या गाड्या फार थोड्या होत्या. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी आठवते. माझ्या मनात ही चार दारांचीच बसली होती. मागे आईबाबा आरामात बसावेत आणि पुढे रस्ता मोकळा दिसला की पाय खाली जावा, अशी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात २००५ सालची एक काळी आरएस मिळाली. ९४ हजार किलोमीटर, दुसरा मालक, अपघात नाही. सर्व्हिस बुकात २०१४ नंतर एकही शिक्का नव्हता. सव्वातीन लाखांत व्यवहार झाला. पुढच्या चार महिन्यांत काय काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण क्रम जरा चुकला असता तर हे इंजिन नागपूरच्या मे महिन्यात टिकलं नसतं.

पहिला खर्च पुण्यातच झाला. टायरची नक्षी जवळजवळ नवी होती, त्यामुळे मी खूश होतो. मग खाली वाकून टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचला. ३८१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१४ च्या अडतिसाव्या आठवड्यातला माल, साडेनऊ वर्षांचा. गाडी वापरली कमी गेली म्हणून नक्षी उरली होती, पण रबर दगड झालं होतं आणि भिंतीवर नखाएवढ्या बारीक भेगा होत्या. असल्या टायरवर समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर तासन् तास सलग वेगात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. चारही टायर नवे टाकले, अलाइनमेंट केली, मगच निघालो.

अहमदनगरवरून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी आणि संध्याकाळी शिवमडका, म्हणजे समृद्धीचं नागपूरकडचं टोक. वेगमर्यादा १२० ची आहे, पण मी नव्वदच्या वर गेलो नाही. तरीही आज सांगतो, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) कधी बदललाय हे माहीत नसताना सातशे किलोमीटर चालवत आणणं चूकच होती. तशी वेळ पुन्हा आली तर गाडी ट्रकवर चढवून आणीन.

नागपूरजवळच्या वाडीला आमचे एक मिस्त्री आहेत. युरोपियन गाड्यांवर वीस-बावीस वर्षं हात बसलेला माणूस. मी त्यांच्यापुढे माझी यादी ठेवली: ईसीयू रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाच्या सेटिंग बदलणं), मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), मोकळा एक्झॉस्ट, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. त्यांनी यादी शांतपणे वाचली, घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, हे सगळं होते. पण आधी हिचं रबर पाहू द्या. वीस वर्षांची गाडी हाय, रबर तं मेलंच असन."

गाडी दोन दिवस लिफ्टवर होती. टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं तेव्हा मी तिथेच होतो. बेल्टच्या पाठीवर आडव्या भेगा होत्या, आणि बोटांनी जरा वळवला तर दात्यांच्या मुळाशी कापडाचे धागे दिसत होते. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. वीस व्हॉल्व्ह वाकले म्हणजे हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलावं लागतं, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर, पुली आणि पंप हे सगळं एकदमच बदलायचं असतं. पंप पुढच्या वर्षी म्हटलं तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते, कारण बेल्टपर्यंत पोचायला इंजिनचं एका बाजूचं माउंटच सोडवावं लागतं. जुन्या पंपाचा आतला प्लॅस्टिकचा पंखा इतक्या वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झाला होता. मिस्त्रींनी अंगठ्याने दाबला तर एक पातं टुचकन तुटलं. नवा पंप धातूच्या पंख्याचा मागवला. सुटे भाग आणि मजुरी मिळून २६ हजार लागले. या गाडीवर खर्च केलेला एकही पैसा मला एवढा सार्थकी लागलेला वाटत नाही.

पंप काढताना बाहेर आलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गुलाबी नव्हतं, चहासारखं तपकिरी होतं. आधी कोणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणीच भरत आलं होतं. तीन वेळा फ्लश केल्यावर निवळ पाणी आलं. मग योग्य ग्रेडचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार किटलीच्या बुडाशी कसे थर धरतात ते आपण रोज बघतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते काय करत असतील, याचा अंदाज त्यावरून करावा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी निर्धास्त होतो. तापमानाचा काटा बरोबर ९० वर खिळलेला असायचा. एका दुपारी व्हरायटी चौकात, एसी चालू ठेवून सिग्नलला उभा असताना मी सहज, गाडीला लॅपटॉप जोडून बसलेल्या मित्राकडे पाहिलं. आम्ही टर्बोचा दाब तपासायला निघालो होतो. स्क्रीनवर कूलंटचं तापमान १०४ दिसत होतं. समोर काटा ९० वरच. सिग्नल सुटेपर्यंत आकडा १०६ झाला.

हे ज्याच्याकडे त्या पिढीची गाडी आहे त्याने नीट लक्षात घ्यावं. हा काटा मुद्दामच तसा ठेवलेला असतो. साधारण ७५ पासून १०५ च्या आसपासपर्यंत तो ९० वरच उभा राहतो, चालकाचं लक्ष उगाच विचलित होऊ नये म्हणून. त्यामुळे काटा हलेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. खरा आकडा स्कॅनरच सांगतो.

एसी बंद केला, काचा उघडल्या, हीटर पूर्ण सोडला. ४३ डिग्रीच्या दुपारी हीटर लावून गाडी चालवणं काय असतं ते शब्दांत येणार नाही, पण इंजिनची उष्णता बाहेर काढायला तेवढा एक जास्तीचा रेडिएटर हाताशी असतो. तसेच वाडीला पोचलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि मला फक्त एसीचं बटन दाबायला सांगितलं. दाबलं. ते वाकून रेडिएटरच्या पंख्यांकडे पाहत राहिले. "पाहा भाऊ, पंखाच नाही फिरून राहिला."

एसी लावताच पंखा संथ गतीने फिरायलाच हवा. या गाडीत पंख्याच्या दोन गती असतात. रेडिएटरवरचा स्विच साधारण ९५ ला पहिली गती चालू करतो आणि १०० ओलांडल्यावर दुसरी, जोरदार. आमच्या पंख्याची पहिली गती देणारा रेझिस्टर जळला होता. दुसरी गती ठीक होती, म्हणून गाडी उकळत नव्हती, पण रोज उकळण्याच्या काठावर जाऊन परत यायची. महामार्गावर समोरून वारा असतो, त्यामुळे समृद्धीवर काहीच कळलं नाही. पुण्याच्या थंडीत तर कळायचा प्रश्नच नव्हता. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा ही एक तपासणी जरूर करा. बॉनेट उघडा, एसी लावा, पंखा बघा. अर्धं मिनिट लागतं.

पंख्याची जोडी, रेडिएटरवरचा स्विच, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप) आणि कूलंटच्या टाकीचं झाकण असं सगळं बदललं. झाकणाचं महत्त्व मला तोवर माहीत नव्हतं. सिस्टीममध्ये दाब टिकला तर कूलंट शंभराच्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग थकली की दाब सुटतो आणि उकळबिंदू खाली येतो. काही शे रुपयांची वस्तू. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, त्याच वेळी, एसी लावून आकडा ९६ वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर मी माझी यादी खिशातून काढून मनापासून फाडली. नागपूरच्या टर्बो गाडीला पहिलं मॉडिफिकेशन कूलिंगचंच हवं, पॉवरचं पुढे पाहता येतं. गरम हवा विरळ असते, इंटरकूलर तापतो, इंजिन नॉक करायला लागतं (पेट्रोल अवेळी पेटून खटखट होते) आणि ईसीयू आपणहून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. मे महिन्यात दुपारी या गाडीची ताकद पहाटेपेक्षा कमी जाणवते, ती यामुळे. त्यावर आणखी रीमॅप चढवला तर इंजिनला सोसावा लागणारा ताण दुप्पट. नॉक टाळायला पेट्रोल मात्र तेव्हापासून ९५ ऑक्टेनचंच भरतो.

हरवलेली ताकद मात्र शोधायची होती. तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं की आधी फुसफुस आवाज यायचा आणि गाडी उठायला वेळ घ्यायची. व्हॅक्यूमचे बारके पाइप हातात घेतले तर बिस्किटासारखे मोडत होते. असे सहा पाइप सापडले. सगळे सिलिकॉनचे टाकले, क्लॅम्प नवे लावले. मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह. ऍक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा दाब परत वळवणारी ही मुठीएवढी डबी. मिस्त्रींनी ती माझ्या हातात दिली आणि तपासायची रीत दाखवली. आतला पिस्टन बोटाने दाबून धरायचा, वरच्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करायचं आणि बोट सोडायचं. आतला पडदा शाबूत असेल तर पिस्टन दाबलेलाच राहतो. माझा हळूहळू वर आला. पडदा फाटला होता. नवा बसवून अमरावती रोडला चक्कर मारली आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला टेकली, तेव्हा सायकलवरून पाहिलेली ती गाडी मला खऱ्या अर्थाने मिळाली.

ब्रेकचं काम सरळ होतं. चारही डिस्क ठीक, पॅड बदलले, ब्रेक ऑइल काळं पडलं होतं तेही बदललं. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटले होते, ते नवे टाकले. शॉक ऍब्सॉर्बर कंपनीच्याच मापाचे घेतले. गाडी खाली बसवली नाही. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून गल्लीच्या तोंडाशी जी पायरी तयार होते, ती या गाडीच्या पुढच्या बंपरला आहे त्या उंचीवरच जेमतेम सोसते.

एक्झॉस्टही मूळचाच ठेवला. कायद्याचा भाग तर आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच की कंपनीच्या मूळ तपशिलांना सोडून असलेले बदल चालत नाहीत. त्याहून मोठं कारण घरातलं आहे. आमच्या गल्लीत पहाटे पाचला फिरायला निघणारी म्हातारी माणसं आहेत. मला त्यांच्या शेजारून गाडी काढताना मान खाली घालायची नाही. काळ्या फिल्मही लावल्या नाहीत. मागच्या सीटवर आईसाठी जाळीचे पडदे असतात, पार्किंगमध्ये उभी असतानाच लावायचे.

कागदांचं काम या सगळ्याच्या बरोबरीने चालू होतं. पुण्याहून एनओसीसाठी फॉर्म २८, आणि नावावर करायला २९ व ३०. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यायचा असतो. कागद धरून वरून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा उमटत गेला, तेव्हा लक्षात आलं की तिथे गंज अजिबात नाही. राज्य तेच असल्यामुळे नंबर एमएच १२ चाच राहिला. गिरिपेठच्या आरटीओत कागद दिले आणि काही आठवड्यांनी माझ्या नावाचं आरसी पोस्टाने घरी आलं. बाबांनी ते देवापुढे ठेवलं.

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, लागला. दुपारी तीनला आईबाबांना घेऊन वर्धा रोडने निघालो, एसी चालू. विमानतळाच्या अलीकडे रांग लागली होती. बाबा विचारत होते, "अरे, तू सारखा त्या स्क्रीनकडे काय पाहून राहिला?" मी त्यांना स्कॅनरवरचा कूलंटचा आकडा दाखवला. ९७. पुढे पंख्याचा घरघराट ऐकू आला आणि ९४ झाला. आई मागे झोपली होती.

आता पाऊस यायच्या आत एक काम उरलंय. वायपरच्या खालच्या खोबणीतून पाणी बाहेर जायची वाट आहे, तिथे कडुनिंबाची पानं अडकून कुजलीत. ती तुंबली तर पाणी आत पायाशी उतरतं आणि वायरिंगमध्ये शिरतं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मिस्त्रींनी बोलावलंय.