तोर्रेमोलिनोसला तेर्राल सुटला तेव्हा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा विमानतळापासून लोकल गाडीने दहा मिनिटांवर तोर्रेमोलिनोस आहे. आपले मराठी गट कोर्दोबा, सेविया, ग्रानादा पायी तुडवून इथे येतात आणि शेवटच्या तीन रात्री समुद्रकाठच्या हॉटेलात काढतात. कार्यक्रमपत्रिकेत या दिवसांपुढे 'आराम' असं लिहिलेलं असतं. बसच्या वेळा नाहीत, गाईड नाही, तिकिटांची रांग नाही. म्हणूनच आम्हा गट घेऊन येणाऱ्या सहलप्रमुखांच्या कामात हे दिवस सोपे समजले जातात. जुलैमधल्या अशा एका आरामाच्या दिवशी काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. या किनाऱ्यावर गट घेऊन येणाऱ्यांना आणि स्वतःहून येणाऱ्या कुटुंबांनाही ते ठाऊक असायला हवं.

गट चौतीस जणांचा होता. पुणे, कोल्हापूर, नागपूर, चिपळूण. सर्वांत लहान मुलगी नऊ वर्षांची, सर्वांत मोठे आजोबा शहात्तर वर्षांचे.

सकाळी साडेसातला लॉबीचं सरकतं दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा अंगावर आली. एरवी इथली जुलैची सकाळ थोडी दमट आणि बावीस-तेवीस अंशांची असते. त्या दिवशी एवढ्या लवकर ३१ होते. दाराबाहेरच्या तीन खांबांवर स्पेन, अंदालुसिया आणि युरोपीय संघाचे झेंडे असतात. तिन्ही समुद्राच्या दिशेने ताठ फडकत होते. मागचा मिहासचा डोंगर इतका स्वच्छ दिसत होता की त्यावरची झुडपं मोजावीत. रिसेप्शनवरच्या बाईंनी एकच शब्द उच्चारला, "तेर्राल."

'तिएर्रा' म्हणजे जमीन, त्यावरून तेर्राल, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यातला हा मतलई. पण कोकणातला मतलई रात्री सुटतो, हलका असतो आणि मच्छीमारांच्या होड्यांना पहाटे बाहेर न्यायला मदत करतो. तेर्रालची जात वेगळी. स्पेनच्या आतल्या तापलेल्या पठारावरची हवा डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे घसरते. कोरडी हवा खाली उतरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश तापते. म्हणजे हजार मीटर उतरली की आधीच गरम असलेली हवा आणखी दहा अंशांनी गरम. ग्वादालोर्से नदीच्या खोऱ्यातून ती मालागा आणि तोर्रेमोलिनोसवर येते तेव्हा पारा कधी चाळिशीही ओलांडतो आणि आर्द्रता पार तळाला जाते. एक दिवस राहतो, कधी तीन दिवस.

न्याहारीला नागपूरचे काका म्हणाले, "अहो, ही तर आमच्याकडची मे महिन्यातली झळ आहे." त्यांनी पहाटेच बाल्कनीचं दार लावून, बाहेरचा गुंडाळीचा पडदा, ज्याला इथे पेर्सियाना म्हणतात, तो पूर्ण खाली ओढून घेतला होता. तेर्रालच्या दिवशी मालागाची माणसं नेमकं हेच करतात. चिपळूणच्या काकूंनी मात्र आयुष्यभराच्या सवयीने वारा यावा म्हणून दार सताड उघडं ठेवलं होतं.

अकरा वाजल्यापासून फोन सुरू झाले. "एसी चालत नाही." दुपारी एकपर्यंत सतरापैकी नऊ खोल्यांमधून तीच तक्रार. हॉटेलचे देखभाल तंत्रज्ञ माझ्याबरोबर नऊही खोल्यांत आले. एकही एसी बिघडलेला नव्हता.

सहा खोल्यांत कारण एकच होतं. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या चौकटीत, वरच्या कोपऱ्यात, काडेपेटीच्या निम्म्या आकाराची पांढरी डबी बसवलेली असते आणि तिच्यासमोर दारावर तशीच दुसरी. आत चुंबकाचा स्विच असतो. दोन डब्या समोरासमोर टेकल्या तरच एसी चालतो. दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी यंत्र गार हवा बंद करतं. भिंतीवरच्या पॅनेलवर १८ आकडा दिसत राहतो, आणि आपल्याला वाटतं की एसी बिघडला. या सहा खोल्यांत दार लावलेलं वाटत होतं, पण कुणाच्या टॉवेलचं टोक फटीत अडकलं होतं, कुणी कपडे वाळत घालायला दोरी बांधून तिचं एक टोक बाहेर नेलं होतं. दार 'टक्' असा आवाज येईपर्यंत ओढायचं आणि दोन मिनिटं थांबायचं, एवढाच उपाय.

उरलेल्या तीन खोल्यांची गोष्ट दाराजवळच्या कार्डाच्या खाचेची. खाचेत कार्ड असलं तरच खोलीतली वीज चालू राहते. सगळे न्याहारीला खाली गेले, कार्डही बरोबर गेलं, आणि पूर्वेची उन्हं काचेतून तीन तास आत आली. भिंती, गाद्या, फरशी सगळं तापलं. त्यानंतर १८ वर लावून खोली लवकर गार होत नाही. अशा हॉटेलांत खोलीत फक्त पंखा आणि थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांची गुंडाळी असते, पाणी गार होतं ते गच्चीवरच्या यंत्रात, आणि त्या दिवशी ते यंत्र आधीच शिकस्त करत असतं. २४ वर ठेवायचं, पंखा सर्वांत जोरात, पेर्सियाना खाली. तासाभरात खोली राहण्याजोगी होते. बाहेर पडतानाच पेर्सियाना खाली ओढला असता तर तो तासही वाचला असता. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला बहुतेक हॉटेलं मनाई करतात. न्हाणीघरात ओढून घ्यायची दोरी असते, तिच्यावर टाकावेत.

खोल्या मार्गी लागेपर्यंत दोन वाजले. आता वेळेबद्दल. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. जुलैत इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला, आणि मावळतो रात्री साडेनऊनंतर. म्हणजे इथले संध्याकाळचे पाच हे उन्हाच्या हिशेबाने आपल्याकडचे दुपारचे तीन-सव्वातीन. 'ऊन उतरल्यावर पाचला बीचवर जाऊ' हा आपला सरळ हिशेब इथे चुकतो. सर्वांत कडक वेळ साडेचार ते सात. मी गटाला सकाळीच सांगितलं होतं की आज साडेसातपर्यंत आतच थांबायचं. पण खोल्या तापलेल्या, समोर निळाशार समुद्र, आणि मुलं हट्टाला पेटलेली. चारच्या आसपास दोन कुटुंबं खाली उतरली, त्यांच्यामागे आणखी काही.

समुद्र त्या दिवशी विलक्षण सुंदर दिसतो. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असल्यामुळे लाटच उठत नाही. काठाजवळ पाणी तलावासारखं सपाट, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. जीवरक्षकाच्या मनोऱ्यावर हिरवा झेंडा. मात्र शंभरेक मीटर पुढे नजर टाकली की पाण्यावर गडद, बारीक सुरकुत्या समुद्राच्या दिशेने पळताना दिसतात. वारा तिथे पाण्याला भिडतो. काठावर मागच्या इमारतींच्या आडोशामुळे तो जाणवत नाही.

पहिला धक्का पाण्याचा. फलकावर खडूने लिहिलं होतं: हवा ४१, पाणी १६. जुलैत इथलं पाणी एकवीस-बावीस असतं. तेर्राल वरचं, उन्हाने तापलेलं पाणी आत ढकलतो, आणि त्याची जागा खालचं गार पाणी घेतं. एकेचाळीस अंशांतून सोळा अंशांत एकदम उडी मारली की श्वास आपोआप ओढला जातो, थांबवता येत नाही. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. रक्तदाब एकदम चढतो. शहात्तर वर्षांचे आजोबा घोट्यापर्यंत गेले होते, तिथेच त्यांना थांबवलं. ज्याला जायचंच आहे त्याने आधी पाय, मग मनगटं आणि मान ओली करायची, गुडघाभर पाण्यात मिनिटभर उभं राहायचं आणि श्वास नेहमीसारखा झाल्यावरच पुढे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी त्या दिवशी पोहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार गंभीर होता. पुण्याच्या एका कुटुंबाने रस्त्यावरच्या दुकानातून हवेचा मोठा गुलाबी फ्लेमिंगो घेतला होता. तेरा आणि पंधरा वर्षांचे दोन भाऊ त्यावर बसून काठाशी खेळत होते. दोघांनाही पोहता येत होतं. पाणी सपाट, झेंडा हिरवा, आईवडील वीस पावलांवर छत्रीखाली. फ्लेमिंगोची उंच मान आणि फुगलेली पाठ म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. इमारतींच्या आडोशातून तो बाहेर सरकला आणि वाऱ्याने धरला. सात-आठ मिनिटांत तो पिवळ्या बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या ओळीपाशी होता. इथल्या किनाऱ्यांवर पोहण्याची हद्द काठापासून २०० मीटरवर या बोयांनी आखलेली असते. त्यापलीकडे होड्यांचा मार्ग.

वडील पाण्यात धावले. त्यांना दंडाला धरून मागे ओढावं लागलं. त्या गार पाण्यात, वाऱ्याबरोबर पळणाऱ्या फ्लेमिंगोमागे चांगला पोहणाराही पोहोचत नाही. दोनशे मीटर जाताना दमतो, आणि परत येताना वारा तोंडावर असतो. मग वाचवायला दोघांऐवजी तिघे होतात. मी मनोऱ्याकडे पळाले. जीवरक्षकाने आधीच दुर्बीण उचलली होती आणि वायरलेसवर बोलत होता. आईला एकच काम दिलं: मुलांवरची नजर क्षणभरही हलवायची नाही आणि हात त्यांच्याच दिशेने रोखून उभं राहायचं. चकाकत्या पाण्यात एकदा नजर सुटली की तो गुलाबी ठिपका पुन्हा सापडत नाही. पुण्याच्याच दुसऱ्या एका काकांनी दोन्ही हातांनी खुणा करून मुलांना 'बसा, बसा, उतरू नका' असं सांगणं चालू ठेवलं.

मुलांनी ते ऐकलं, आणि त्यातच सगळं निभावलं. थोरल्याला उडी मारून पोहत परतायचं होतं, धाकट्याने त्याला धरून ठेवलं. तरंगणारी वस्तू सोडायची नाही. पोटावर आडवं झोपायचं, म्हणजे वाऱ्याला शीड कमी मिळतं. पाय पाण्यात सोडायचे, ते नांगरासारखे ओढ धरतात. एक हात वर करून सावकाश हलवायचा. बचावाची जलस्कूटर आली तेव्हा ती दोघं बोयांच्या बरीच पलीकडे होती. काठावर आणली तेव्हा ओठ निळसर आणि दात वाजत होते, बाहेर एकेचाळीस अंश असताना. टॉवेलात गुंडाळून सावलीत बसवलं, गोड कोमट दूध थोडं थोडं पाजलं. जीवरक्षक नसलेल्या जागी हेच घडलं तर ११२ फिरवायचा. इंग्रजीत बोललेलं चालतं, आणि किनाऱ्याचं नाव व जवळच्या हॉटेलचं नाव सांगायचं.

तोवर मनोऱ्यावर पिवळा झेंडा चढला होता. हिरव्या झेंड्याचा अर्थ पोहायला हरकत नाही एवढाच आहे. हवेच्या खेळण्यांबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून आता माझ्या गटासाठी नियम एकच: हॉटेलसमोरचे झेंडे समुद्राकडे फडकत असतील तर फ्लेमिंगो, गादी, रिंग सगळं हॉटेलच्या तलावात. समुद्रात काहीही न्यायचं नाही, दोरी बांधूनसुद्धा नाही.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुंबईच्या उकाड्यात घाम निथळतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण होते. तेर्रालमध्ये घाम आल्याआल्या उडतो, अंग कोरडंच राहतं. कोल्हापूरच्या काकू लिफ्टजवळ चक्कर येऊन खाली बसल्या. दिवसभरात दोन ग्लास पाणी प्यायल्या होत्या. जिवावरचं काही नव्हतं. सावली, पाय उंच, ओला रुमाल मानेवर, आणि मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. इथे हिरव्या क्रॉसच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात 'सुएरो ओराल' मागितलं की जलसंजीवनी मिळते.

पाणी कमी प्यायचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. अर्ध्या भोजनाच्या ('हाफ बोर्ड') आरक्षणात न्याहारी आणि रात्रीचं जेवण असतं, पण जेवणाबरोबरची पेयं सहसा धरलेली नसतात. पाण्याच्या बाटलीचे पैसे वेगळे पडतात, म्हणून त्या जपून पीत होत्या. २०२२ च्या कायद्याने स्पेनमधल्या हॉटेलांना आणि उपाहारगृहांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' एवढं म्हणायचं. मालागाकडचं पाणी थोडं जड लागतं, पण पिण्यायोग्य आहे. त्या रात्री प्रत्येक टेबलावर जग मागवून घेतला. शिवाय बुफेवर गास्पाचो होताच. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, मीठ, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, सगळं गार. अशा दिवशी त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. शेजारचं साल्मोरेहो दिसायला तसंच, पण त्यावर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे भुरभुरतात, शाकाहारी मंडळींनी तिकडे हात घालू नये. आणि गास्पाचोत लसूण असतोच, तेव्हा जैन मंडळींसाठी आचाऱ्याला दुपारीच सांगून वेगळा काढून घ्यावा लागतो.

रात्री अकरालाही तीस अंश होते. पहाटे कधीतरी वारा फिरला. सकाळी सातला लॉबीचं दार उघडलं तेव्हा हवा गार आणि ओली होती, आणि समुद्र दिसतच नव्हता. पूर्वेकडून आलेली दमट हवा त्या सोळा अंशांच्या पाण्यावर आली की दाट धुकं धरतं. मालागात त्याला 'तारो' म्हणतात. झेंडे खांबाला चिकटून लोंबत होते. दोघे भाऊ फ्लेमिंगोची हवा काढून घडी घालत बसले होते. मनोऱ्याजवळच्या फलकावर अजून कालचाच आकडा होता, १६. पाणी पुन्हा विशीत यायला दोन दिवस लागतात, आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.