आठवणारच नव्हतं तर नेलंस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच काय ते नीट लिहितेय, कारण लग्नात, बारशाला, फोनवर, औषधाच्या दुकानात, सगळीकडे तोच प्रश्न येतो. अण्णांना, माझ्या वडिलांना, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, मग अशा अवस्थेत त्यांना हैदराबादला फिरवायला नेलंस कशाला? आत्या हे मायेनं विचारते, दादा रागानं विचारतो, आणि बाकीचे मी स्टेटसला ठेवलेला चारमिनारसमोरचा फोटो बघून विचारतात, म्हणजे मी माझी हौस भागवली असं धरूनच चालतात.

त्यांचा विसरण्याचा आजार तुम्हाला माहितीये, तो परत सांगत नाही. पण संध्याकाळी ते काय करायचे हे आम्हा घरातल्यांनाच माहिती. दिवेलागणीला पिशवीत दोन शर्ट कोंबायचे, चपला घालून दारात बसायचे आणि म्हणायचे, काचीगुड्याची गाडी किती वाजता हाय, उशीर व्हायलाय. रोज. काचीगुडा म्हणजे हैदराबादचं एक स्टेशन. समजावलं की चिडायचे, दार लावलं की रडायचे. डॉक्टर म्हणाले होते की नवी जागा नको, रोजचं वेळापत्रक मोडू नका. मी ते ऐकलं होतं आणि तरी नेलं. हो.

काही जण म्हणतात न्यायचंच होतं तर मुंबई दाखवायची, आपली राजधानी. अहो, अण्णा शिकायला गेले तेव्हा परभणीच्या पोरांची राजधानी हैदराबादच होती! इथं तेव्हा विद्यापीठ नव्हतं, सगळा मराठवाडा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखाली होता. मग 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि अण्णा होस्टेलच्या खोलीत बसल्या बसल्या दुसऱ्या राज्यातले झाले. आम्हाला लहानपणी गोष्टी सांगितल्या त्या तिथल्याच, सुलतान बाजारातल्या मराठी घरांच्या, आर्ट्स कॉलेजच्या गुलाबी दगडी कमानीच्या, आणि सालारजंग म्युझियममधल्या त्या घड्याळाच्या, ज्यातून दर तासाला एक छोटा माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. तुला दाखवीन म्हणायचे. ते राहूनच गेलं. तेव्हा हे पण लिहून टाकते की मी त्यांच्यासाठी गेले तितकीच माझ्यासाठी पण गेले, आणि यात लपवण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरलो. आर्ट्स कॉलेजसमोर रिक्षातून उतरायलाच तयार नव्हते, नुसते बघत बसले, रिक्षावाल्याशी उर्दूत बोलले, ते सुद्धा इतकं सफाईदार की त्यानं मला विचारलं साहेब कुठं नोकरीला होते. सालारजंगला दारातच अडले. ‘हे ते नाही’ म्हणाले, ‘दुसरीकडं आणलंस तू.’ मी म्हटलं अण्णा हेच आहे, बोर्ड बघा, पण नाहीच, ‘ते देवडीत हाय, पत्थरगट्टीच्या अंगानं.’ मला वाटलं झालं सुरू. नंतर वाचलं तेव्हा कळलं की म्युझियम 1951 ला सुरू झालं ते दिवाण देवडीत, म्हणजे सालारजंगांच्या जुन्या वाड्यात, नदीकाठच्या या इमारतीत ते आलं 1968 ला. त्यांनी पाहिलं ते तिकडंच. माणसाला काही कळत नाही म्हणता तुम्ही, मग हे काय होतं?

बारा वाजता घड्याळापुढे बाकं भरलेली होती, शाळेची पोरं होती, तो माणूस आला आणि अण्णांनी टोले मोठ्यानं मोजले, बारापर्यंत बरोब्बर.

आता ते सांगते जे कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला पण नाही.

जेवायला एका हॉटेलात थांबलो. जेवण झाल्यावर अण्णांना बाथरूमला जायचं होतं. बाई माणूस बापाला घेऊन फिरते तेव्हा जेंट्सच्या दारापाशी काय होतं याचा विचार तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? मी बाहेर उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग आतून दार वाजायला लागलं. कडी लावून घेतली होती आणि ती काढायची कशी ते सुचत नव्हतं. आधी उर्दूत, ‘कौन है बाहर, खोलो जी’, मग मराठीत, मग नुसतं ‘आई, दार उघड, आई’. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा तो आवाज. मी सरळ आत शिरले, आतले दोघं जण बाजूला झाले, मी दाराला तोंड लावून ओरडतेय अण्णा कडी डावीकडं सरकवा, डावीकडं, आणि ते आणखीच जोरात धडका मारतायत. शेजारच्या टेबलावरचे एक दाढीवाले चाचा उठून आले. मला म्हणाले, आप चुप रहिए बेटा. मग दाराशी वाकून, घाई न करता, अण्णांना जनाब म्हणून सांगत राहिले, वो लोहे का जो है ना, उसपे हाथ रखिए, रखे? अब आहिस्ता उधर को ले जाइए. कडी निघाली. पायजमा ओला झालेला होता. चाचांनी पोराला पिटाळून लुंगी आणवली, मला बाहेर थांबवलं आणि स्वतः नेसवून दिली. बाहेर येताना अण्णा त्यांना हळूच म्हणाले, ‘मेरी बेटी को मत बताइए.’ मी तिथंच, हातभर अंतरावर उभी होते.

तो फोटो यानंतरचा आहे. मला सरळ स्टेशनवर जायचं होतं, अण्णाच म्हणाले चहा पिऊ. चारमिनारजवळ इराणी चहा घेतला, उस्मानिया बिस्कीट बुडवून खाल्लं, लाड बाजारात बांगड्यांपाशी थांबले आणि आईसाठी लाखेच्या घ्या म्हणाले. आई नाहीये हे मी सांगितलं नाही. घेतल्या.

शेजारच्या काकूंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना गाडी करून तिरुपतीला नेलं होतं तेव्हा मीच म्हणाले होते, हे कुणासाठी, त्यांना काय कळणारे? तोच प्रश्न, शब्दसुद्धा तेच. तेव्हाच्या मला आज काय सांगू? कळतं म्हणून सांगितलं तर ती म्हणेल दुसऱ्या दिवशी काय आठवलं दाखव. आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही. परतीच्या गाडीत, काचीगुड्याहून सुटलेल्या गाडीत, अण्णांनी मला विचारलं काचीगुड्याची गाडी किती वाजता हाय. दुसऱ्या संध्याकाळी पिशवी घेऊन परत दारात.

दादा म्हणतो हाल केलेस. त्या दारामागचा आवाज आठवला की मला वाटतं तो बरोबर बोलतोय. बारा टोले आठवले की वाटतं त्यानं पण यायला हवं होतं, निदान त्या दाराशी मला एकटीला उभं राहावं लागलं नसतं. हे दोन्ही मला एकाच दिवशी वाटतं, तुम्ही त्यातलं एक निवडून द्या म्हणालात तर मी देऊ शकत नाही.

पण कुणी आपल्या माणसाला असं नेणार असाल तर नेलंत कशाला हे मी विचारणार नाही. मला फोन करा. सोबत एक पुरुष माणूस घ्या, कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवा, कडी आतून लावू देऊ नका, आणि शुक्रवारी जाऊ नका, सालारजंग बंद असतं.