अठ्ठावन्न दिवसांचं बिल

फेब्रुवारी २०२४. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सिस्टिम्स विभागात आहे. त्या महिन्यात आमच्याकडे अकाउंट्सपासून परचेसपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच कलम होतं, ४३बी(एच). तेव्हाच्या आयकर कायद्यातलं हे नवं कलम २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू होत होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेलं असेल, तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. त्यावर कर भरायचा, आणि पैसे ज्या वर्षी द्याल त्या वर्षी खर्च दाखवायचा. मुदत मात्र जुनीच, २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातली : लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे व्याज आम्हाला माल पुरवणाऱ्या कुठल्या व्हेंडरनं मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, हे त्यांना न सांगता कळतं.

सीएंनी थकबाकीची यादी टेबलावर ठेवली आणि एमडी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "बिलांचं अप्रूव्हल ऑनलाइन करून टाका. मार्चच्या आत."

बैठक झाली. स्टोअर, क्वालिटी, प्रॉडक्शन, परचेस, अकाउंट्स, प्रत्येकानं आपली सही कुठे लागते ते सांगितलं. बेरीज सात झाली, आणि सातही सह्या आहेत तशा वर्कफ्लोमध्ये घालायच्या असं जवळजवळ ठरलंच होतं. मला ते पटेना. जो कागद सात टेबलांवर अडतो, तो स्क्रीनवरही सात ठिकाणी अडणार. मी एक दिवस मागून घेतला. म्हटलं, फ्लोचार्ट काढायच्या आधी एक खरं बिल घेते आणि ते ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं चालत जाते.

बिल घेतलं ते भोसरीच्या एका वर्कशॉपचं. दोन सीएनसी टर्निंग मशीन, एका शिफ्टला मालक स्वतः उभे राहतात. आम्हाला बुश, म्हणजे गाडीच्या भागांत बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बनवून देतात. माल येऊन ५८ दिवस झाले होते आणि पैसे गेले नव्हते.

गेटच्या रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, चलन नंबर, वेळ, सगळं व्यवस्थित मिळालं. स्टोअरला माल त्याच दुपारी उतरला होता. तिथले काका निवृत्तीला आलेले. त्यांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. कुठलं चलन कोणाकडे दिलं, कधी दिलं, परत कधी आलं, असे रकाने त्यांनी स्वतःच्या हातानं आखले होते. कंपनीच्या ईआरपीत, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही माहिती नव्हती. मी त्या वहीचे फोटो काढून घेतले, कारण मला जे बांधायचं होतं त्याचा आराखडा तिथे तयार होता.

काकांची वही सांगत होती की क्वालिटीचा रिपोर्ट १९ व्या दिवशी आला. मी इन्स्पेक्टरकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, हे बुश तेव्हा रॅकवर नव्हतेच. लाइनवर गेले होते." चौथ्या दिवशी असेंब्लीला बुश कमी पडले, म्हणून त्यानंच घाईनं मापं घेतली, डेव्हिएशनवर, म्हणजे तपासणी पुरी होण्याआधी माल वापरायच्या परवानगीच्या चिठ्ठीवर, सही केली आणि लाइननं सगळा माल उचलला. बुश बसले. तयार माल ग्राहकाकडे गेला, त्याचं आमचं बिलही गेलं. आमच्या नोंदीत मात्र ते बुश तपासणीची वाट पाहत रॅकवरच होते. तपासणी नाही म्हणून जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद नाही, जीआरएन नाही म्हणून बिल पुढे नाही. मापं चौथ्या दिवशीच त्याच्या वहीत होती. रिपोर्ट भरायला त्याला १९ वा दिवस उजाडला, कारण मधल्या काळात लाइन अडेल असा दुसरा माल त्याच्यासमोर येतच राहिला. त्याचा राग धरण्यासारखं काही नव्हतं. एका माणसाच्या पुढ्यात इतकं असेल तर तो जळणारंच आधी विझवणार.

पुढचा थांबा परचेस. तिथे 'दरफरक' लिहिलेला एक ट्रे आहे. स्टील महागल्यावर या व्हेंडरला नवा दर ईमेलनं मान्य केला होता, पण पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, दुरुस्त केलाच नव्हता. बिल नव्या दरानं, पीओ जुन्या दराचा, म्हणून बिल ट्रेमध्ये. तिथे तीन आठवडे गेले. कोणी अडवून धरलेलं नव्हतं. तो ट्रे कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. उरलेले दिवस अकाउंट्स आणि प्लँट हेडच्या टेबलांनी खाल्ले.

योगायोगानं त्याच दिवशी ते वर्कशॉपवाले मालक गेटजवळच्या खोलीत येऊन बसले होते. बिलाचं विचारायला ते अधूनमधून येतातच. मी त्यांना विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय कळतं?

"अकाउंट्स म्हणतं परचेसला आहे, परचेस म्हणतं स्टोअरला आहे. मॅडम, उशीर मी समजू शकतो. पण कधी येणार ते कळलं तर पोरांच्या पगाराचं बघता येतं. कळतच नाही म्हणून मशीन बंद ठेवून इथं यावं लागतं."

मी खजील झाले. ज्या माणसाच्या मशीनवर आमची लाइन चालते, त्याचा अर्धा दिवस आम्ही एका साध्या उत्तरासाठी घालवत होतो.

संध्याकाळी मीटिंग रूममध्ये फळ्यावर दोन रांगा काढल्या. वर बिलाला प्रत्यक्ष हात लागला तो वेळ, खाली ते पडून राहिलं तो. वरची बेरीज सगळी धरून पाऊण तास. खालची ५८ दिवस. खोलीत कोणी बोललं नाही. मग एमडी साहेबांनी एकेकाला विचारलं, "तुम्ही काय बघून सही करता?"

प्लँट हेड प्रामाणिकपणे म्हणाले, "खालची सही झाली आहे का, ते बघून." अकाउंट्सचं उत्तर जवळजवळ तेच. आणि सगळ्यात खाली सही करणारा स्टोअरचा मुलगा म्हणाला, "वर साहेब बघतातच ना." सात सह्या होत्या आणि बिल कोणीच वाचत नव्हतं. त्या दिवसातलं मला सर्वांत हादरवणारं वाक्य हेच.

तेव्हा मी फोर्डची गोष्ट सांगितली. १९८० च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलं चुकती करणाऱ्या विभागात ५०० हून जास्त माणसं होती. संगणक आणून ती ४०० वर आणू, असा त्यांचा बेत होता. मग त्यांनी माझदा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं, तर तिथे हे काम पाच जण करत होते. माझदा लहान कंपनी हे धरूनही फरक फार मोठा होता. फोर्डनं मग कामाची पद्धतच बदलली. माल कारखान्यात उतरताच कारकून तो संगणकातल्या ऑर्डरशी जुळवतो, जुळला तर घेतो आणि पैसे देण्याची प्रक्रिया तिथूनच सुरू होते; बिलाची वाट पाहायची नाही. पूर्वी १४ बाबी जुळवाव्या लागत, आता तीन. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे जीएसटीमुळे बिल लागतंच, त्यामुळे ते जसंच्या तसं उचलता येत नाही. पण जुळलेल्या बिलाला माणसाची सही कशाला, हा प्रश्न आम्हालाही लागू होता.

रात्री उशिरापर्यंत भांडून सातच्या दोन सह्या झाल्या. पीओ, जीआरएन आणि बिल जुळलं तर थेट पेमेंटच्या यादीत. जुळलं नाही तरच माणसाकडे, आणि तेही विभागाकडे नाही, नाव असलेल्या माणसाकडे. तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, तेही आधीच नोंदलेलं. डेव्हिएशनवर माल उचलला की त्या चिठ्ठीवरूनच जीआरएन तयार होतो, कारण वापरलेला माल स्वीकारला नाही असं म्हणायला तोंड उरत नाही. दिवस मोजणं गेटच्या नोंदीपासून सुरू होतं. कायद्यातही मुदत माल पोचल्यापासूनच धरतात. हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, आणि आपण बिल कधी बुक केलं याला तिथे काही अर्थ नाही. आमचे कित्येक जण बुकिंगच्या तारखेपासून ४५ मोजत होते.

व्हेंडरला त्याच्या बिलाची जागा मोबाइलवर दिसावी, हा माझा हट्ट होता. परचेसनं विरोध केला. फोन वाढतील म्हणाले. ते कमी झाले. सुरुवातीला दुसरीच अडचण आली. लोक मोबाइलवर 'सिलेक्ट ऑल' करून मंजुरी देऊ लागले, म्हणजे खालची सही बघून सही, तीच सवय. ती सोय काढून टाकली. आता मंजुरी देताना फरक कशाचा आहे तेवढंच स्क्रीनवर येतं आणि कारण निवडावं लागतं.

दरफरकाची रांग अजून लांब आहे. फोनवर दर मान्य करून पीओ नंतर दुरुस्त करायची सवय कुठलंही सॉफ्टवेअर मोडत नाही. परचेस हेडशी माझी दर सोमवारी त्यावर बोलणी होतात, आणि हळूहळू दुरुस्त्या मालाच्या आधी होऊ लागल्या आहेत.

सध्याचा वाद वेगळा आहे. कराची ती तरतूद फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू होते, मध्यमला नाही. त्यामुळे मध्यम व्हेंडरची बिलं वेगळ्या रांगेत टाकावीत, सावकाश चुकवावीत, आणि जमल्यास नव्या ऑर्डर्सही तिकडे वळवाव्यात, असा प्रस्ताव अकाउंट्समधून आला आहे. सिस्टिममध्ये हे करायला एक अट पुरते. मी ती घालणार नाही असं लेखी कळवलं आहे, आणि पुढच्या बैठकीत फळ्यावर पुन्हा त्याच दोन रांगा काढणार आहे, या वेळी मध्यम उद्योगाचं बिल घेऊन.